लेटरबॉक्सवरचं दुसरं आडनाव : स्टुटगार्टमध्ये आलेल्या एका मराठी कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

जर्मनीतल्या स्टुटगार्टला नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना आम्ही काही जण गेली बरीच वर्षं जमेल तशी मदत करत आलो आहोत. कुणाबरोबर घर बघायला जाणं, कुणाला नोंदणी कार्यालयात सोबत करणं, आलेलं जर्मन पत्र वाचून त्यात काय मागितलंय ते सांगणं, अशी ही कामं. त्यातल्या एका कुटुंबाची हकीकत इथे त्यांच्या संमतीने मांडते आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

हे प्रकरण मी मुद्दाम निवडलं, कारण यात मोठं संकट कुठलंच नाही. नोकरी गेली नाही, व्हिसा अडकला नाही, कुणी फसवलं नाही. कागदोपत्री सगळं रीतसर चाललं होतं आणि तरीही तीन महिने होता होता बायको मुलीला घेऊन परत निघाली होती. अशी घरं मी बरीच पाहिली. कुटुंब रुळलं की नाही हे नोकरी करणाऱ्याला विचारून कळत नाही, त्याच्याबरोबर आलेल्या माणसाचा दिवस कसा जातो ते बघावं लागतं, असं माझं त्यातून ठाम मत झालं आहे.

कुटुंब आणि शहर

नवरा पस्तिशीचा. गाड्यांच्या कंट्रोल युनिटसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा इंजिनियर, हिंजवडी आणि चाकणमध्ये मिळून दहाएक वर्षांचा अनुभव. बायको फिजिओथेरपिस्ट. चिंचवडमध्ये तिचं स्वतःचं छोटं क्लिनिक होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजी-आजोबा, मान आखडलेले आयटीवाले, असे तिचे पेशंट. येण्याआधी तिने ते मैत्रिणीकडे सोपवलं. मुलगी पाच वर्षांची. तिघंही २०२४ च्या जानेवारीत एकत्रच आले.

मोटार उद्योगामुळे पुणे आणि स्टुटगार्ट या दोन शहरांमध्ये इंजिनियरांची ये-जा जुनीच आहे, आणि मुंबईशी तर स्टुटगार्टचं १९६८ पासून भगिनी-शहराचं नातं आहे. हे कुटुंब आलं त्याच्या पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, म्हणजे स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या राज्याशी, कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. म्हणजे अशी कुटुंबं यापुढे आणखी येणार.

त्याचा पगार वर्षाला ६०,००० युरो. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास-परवाना; २०२४ मध्ये त्यासाठी किमान ४५,३०० युरो पगार लागत होता, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि आल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करायची मुभा असते. ही सवलत चांगली आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट हमखास होते : जोडीदार जर्मनचा एकही शब्द न शिकता विमानात बसतो, कारण कुणी मागितलेलाच नसतो.

पहिले तीन महिने : कागदांची साखळी

जर्मनीत सगळी कामं पत्त्याच्या नोंदणीपासून सुरू होतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची आणि त्यासाठी घरमालकाने सही करून दिलेलं पत्र लागतं, हा नियम २०१५ च्या नोव्हेंबरपासून सगळ्या देशात लागू आहे. या कुटुंबाला सुरुवातीचे चार आठवडे जी फर्निचरसकट जागा मिळाली, तिथला मालक हे पत्र द्यायला तयार नव्हता. पत्र नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून अकरा आकडी कर क्रमांक नाही, आणि कर क्रमांक नाही म्हणून पहिला पगार सगळ्यात चढ्या दराच्या सहाव्या कर-वर्गात कापून आला. नंतर ही रक्कम परत मिळते, त्यांनाही मिळाली. पण हातात येतील असे वाटलेले पैसे ऐन घर शोधायच्या महिन्यात आले नाहीत.

घर मार्चच्या सुरुवातीला मिळालं. स्टुटगार्टच्याच बाड कानश्टाट भागात, नेकार नदीच्या काठाला, जुन्या चारमजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अडीच खोल्या. निव्वळ भाडं ११५०, पाणी-हीटिंग वगैरे धरून १४०० युरो. तीन महिन्यांचं निव्वळ भाडं अनामत म्हणून मागितलं होतं. कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं, हे नवऱ्याला माहीत नव्हतं. ते सांगितल्यावर त्याने तसं विचारलं आणि मालकाने मान्य केलं. स्वयंपाकघर पूर्ण रिकामं : ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ तेवढे. जर्मनीत हे सर्रास चालतं. आधीची भाडेकरू तिचं सामान विकून गेली होती, त्यामुळे दुसरीकडून जुना ओटा आणून बसवेपर्यंत एका इलेक्ट्रिक शेगडीवर दिवस काढले.

ही सगळी लढाई नवऱ्याने लढली, आणि खरंच चांगली लढली. त्याने एक तक्ता केला होता. बँक, आरोग्य विमा, कर क्रमांक, मुलीचा बालभत्ता, रेडिओ-टीव्हीचं दरमहा १८.३६ युरोंचं शुल्क, एकेक झालं की हिरवी खूण. मार्चअखेरीस तक्ता जवळजवळ हिरवा झाला होता.

आणि त्याच आठवड्यात त्याचा मला फोन आला. "ताई, ती परत जाऊ म्हणतेय. मुलीची शाळा जूनला सुरू होईल, तिकडेच घालते म्हणतेय. तुम्ही एकदा येऊन जाल का?"

तिचा दिवस

मी गेले ती एकदा नवरा घरी नसताना. सल्ला द्यायचा नाही, फक्त दिवस कसा जातो ते विचारायचं असं ठरवून गेले. तिने सांगितलं ते असं.

नवरा साडेसातला निघतो, यू-१३ ट्रामने थेट फॉयरबाखला, ऑफिसात. मुलगी उठेपर्यंत आवराआवर, स्वयंपाक. नऊच्या सुमारास चिंचवडला फोन. तिकडे दुपार असते, आई मोकळी असते, कधीकधी दोन-दोन तास. मुलगी तोवर टॅबवर. दुपारी मुलीला घेऊन खाली एक चक्कर, तीही पाऊस नसेल तर. दुकानात शनिवारी नवऱ्याबरोबर. एकदा एकटी गेली होती, पण काउंटरवरच्या बाईंनी काहीतरी विचारलं, मागे रांग होती, तिला कळेना. "त्या रागावल्या नव्हत्या हो. पण मला वाटलं, मी रोज पंचवीस पेशंट बघणारी बाई, आणि मला पिशवी हवी का नको एवढं सांगता येत नाही."

मग मी विचारलं, पत्रं येतात का? तिने ड्रॉवर उघडून दाखवला. नवऱ्याच्या नावाची बरीच, तिच्या नावाचं एकही नाही. विम्याचं कार्ड? ते अजून आलंच नव्हतं. कर क्रमांकही आला नव्हता. नवऱ्याच्या तक्त्यात या दोनच चौकटी लाल होत्या, आणि दोन्ही तिच्या.

कारण साधं होतं. तिच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे. खालच्या लेटरबॉक्सवर आणि घंटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव होतं. जर्मनीत पोस्टमन घर क्रमांकाबरोबर बॉक्सवरचं नाव बघतो, आणि नाव नसेल तर पत्र परत जातं. तिच्या नावाची पत्रं आली होती आणि परत गेली होती. भरीला बॉक्सची किल्ली नवऱ्याच्या जुडग्यात. बँकेचं खातं त्याच्या नावावर, इंटरनेटचा करार त्याच्या नावावर, विम्याचं ॲप त्याच्या फोनमध्ये. तिच्याकडे घराची किल्ली होती आणि एक प्रीपेड सिम.

यात नवऱ्याचा दोष काढावा असं मला कधीच वाटलं नाही. तिला दगदग नको म्हणून त्याने प्रेमाने सगळं अंगावर घेतलं होतं. पण व्यवहारात झालं असं की तीन महिने शहराशी जे काही बोलणं झालं ते सगळं त्याच्यामार्फत झालं. ती स्टुटगार्टमध्ये राहत होती खरी, पण या शहरात तिचं असं एकही काम नव्हतं.

मतभेद

काय करावं यावर आमच्यातही एकमत नव्हतं. एका अनुभवी मैत्रिणीचं म्हणणं, जाऊ दे तिला दोन-तीन महिने, उन्हाळ्यात परत येईल, हिवाळ्यात आलेल्या सगळ्यांचं असंच होतं. त्यात तथ्य आहे. जानेवारीत इथे सकाळी आठनंतर उजाडतं आणि पाचच्या सुमारास अंधार पडतो. चिंचवडहून आलेल्या माणसाच्या मनावर त्याचा परिणाम होणारच, त्याला कमी लेखू नये.

पण माझा विरोध होता, आणि त्याला ठोस कारण होतं. मुलीला एका चर्चच्या बालवाडीत मे महिन्यापासून जागा मिळाली होती. स्टुटगार्टमध्ये बालवाडीची जागा मिळणं किती कठीण ते इथल्या प्रत्येक आईबापाला माहीत आहे. वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क २०१३ च्या ऑगस्टपासून आहे, पण हक्क असला तरी शिक्षिका कमी आहेत. ती जागा सोडली असती तर परत आल्यावर मुलगी घरी, म्हणून आई घरी, आणि पुन्हा तेच. शेवटी ठरलं ते असं : मे आणि जून इथे काढायचे, ऑगस्टमध्ये बालवाडी तीन आठवडे बंद असते तेव्हा दोघींनी पुण्याला जाऊन यायचं. तिकीट परतीचं काढायचं आणि आत्ताच काढायचं. परतीची तारीख ठरल्यावर तिचा श्वास जरा मोकळा झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने एका कागदाच्या पट्टीवर दोन्ही आडनावं छापून लेटरबॉक्सवर लावली आणि किल्लीची दुसरी प्रत करून आणली. बँकेत संयुक्त खातं करून तिच्या नावाचं कार्ड मागवलं. विमा कंपनीला आणि कर कार्यालयाला पत्रं पुन्हा पाठवायला सांगितलं. खर्च जेमतेम वीस युरो.

बालवाडीतले पहिले दिवस

या प्रकरणात सगळ्यात जास्त उपयोगी काय पडलं असं कुणी विचारलं तर मी बालवाडी म्हणेन, आणि तीही मुलीपेक्षा आईला.

आधी कागद. २०२० च्या मार्चपासून जर्मनीत बालवाडीत घालायच्या आधी गोवराच्या लसीचा पुरावा द्यावा लागतो, दोन डोसांचा. मुलीचं लसीकरणाचं कार्ड चिंचवडला कपाटात राहिलं होतं. आजोबांनी फोटो पाठवला, पण डॉक्टरांना मूळ कार्ड बघायचं होतं, म्हणून ते कुरिअरने आलं. नवीन पेशंट घेणारा बालरोगतज्ज्ञ शोधण्यात दोन आठवडे गेले. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी सांगते : लसीचं मूळ कार्ड हातातल्या सामानात ठेवा, पासपोर्टच्या शेजारी.

जर्मन बालवाडीत मुलाला दारात सोडून परत फिरायचं नसतं. सवय लावायचा काळ असतो. अनेक ठिकाणी जी पद्धत वापरतात तिच्यात पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर तासभर वर्गातच बसतात, चौथ्या दिवशी काही मिनिटं बाहेर जाऊन बघतात, आणि मूल किती लवकर शांत होतं यावर पुढचं वेळापत्रक ठरतं. नवऱ्याने यासाठी रजा टाकायची तयारी केली होती, कारण बाईंशी बोलायला इंग्रजी तरी त्याला बरं येतं. मी म्हटलं, रजा जपून ठेव, तिला जाऊ दे. तो तयार नव्हता. तीच म्हणाली, "मी जाते. मुलांशी बोलायला मला कुठली भाषा लागत नाही. लहान पेशंट होते माझ्याकडे."

ती त्या बुटक्या खुर्चीत दोन आठवडे बसली. तिने मला दाखवलेली वही माझ्या अजून लक्षात आहे. एका बाजूला देवनागरीत ऐकू आलेली वाक्यं, दुसऱ्या बाजूला ते वाक्य आल्यावर मुलांनी काय केलं ते. चपला बदलल्या. हात धुतले. गोलात बसले. चिखलात खेळायची रबरी विजार घालून पावसात बाहेर गेले. एकच वाक्य रोज, त्याच वेळी, त्याच कृतीबरोबर, सावकाश आणि मोठ्याने. नव्या माणसाला यापेक्षा चांगला भाषेचा वर्ग मी पाहिलेला नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलगी रडायची थांबली आणि आईने दारात शिक्षिकेला पहिलं स्वतःचं वाक्य म्हटलं, की आज मुलगी नीट झोपली नाही.

डबा हाही एक शिकण्याचा भाग होता. तिथे सकाळच्या डब्यात ब्रेडचा तुकडा, काकडी-गाजराचे काप, सफरचंद असतं. मुलीने पोळीचा रोल नेला तर तीन मुलांनी चव मागितली, आणि पुढच्या आठवड्यात एका आईने दारात थांबवून तो कसा करतात ते विचारलं.

जिने आणि शेजार

दुसरी गोष्ट स्टुटगार्टचीच खास. या भागात केरवोखे नावाची पद्धत आहे : इमारतीतल्या प्रत्येक घराने आपापल्या आठवड्यात जिना आणि सामाईक जागा साफ करायची. तिचा उगम थेट पंधराव्या शतकाच्या अखेरीस, काउंट एबरहार्डच्या काळातल्या शहराच्या नियमांपर्यंत नेला जातो. महापालिकेने आपला नियम १९८८ मध्ये रद्द केला, पण भाडेकरारांतून ती अजून टिकून आहे. पाळी आली की दाराच्या मुठीला एक छोटी पाटी येऊन लटकते.

एप्रिलच्या मध्यावर ती यांच्या दाराला आली. नवरा म्हणाला, पैसे देऊन सफाईवाल्या कंपनीला सांगू, बरेच जण तसं करतात. पुण्यात तिने कधी सोसायटीचा जिना पुसला नव्हता, तिच्या सासूबाईंना तर फोनवर ऐकूनच वाईट वाटलं. मी मात्र आग्रह धरला की पहिल्या दोन-चार पाळ्या तरी स्वतः करा. कारण जिना पुसणारं माणूस इमारतीतल्या सगळ्यांना भेटतं, आणि कमरेत वाकून काम करणाऱ्याला भाषा येते की नाही हे कुणी बघत नाही.

शनिवारी सकाळी ती बादली घेऊन बाहेर आली तेव्हा तळमजल्यावरच्या आजी दार उघडून बघत उभ्या होत्या. मग त्या वर आल्या, फडकं हातात घेतलं आणि कसं करायचं ते करून दाखवलं : आधी कठडा, मग वरच्या पायरीपासून खाली, कोपऱ्यात फडकं दुमडून, आणि शेवटी दाराबाहेरचं पायपुसणं झटकायचं. दोघी एकेक पायरी उतरत खाली आल्या. उतरताना आजी डावा पाय जपून टाकत होत्या, कठड्याला धरून. हिने ते लगेच टिपलं. गुडघा आहे की खुबा, हे तिने स्वतःच्या पायावर बोट ठेवून विचारलं. त्यांचा खुबा बदललेला होता.

त्यानंतर आठवड्यातून एकदा ती आजींकडे कॉफीला जाऊ लागली. व्यायाम शिकवायला ती मुद्दाम गेली नाही, कारण इथे मान्यतेशिवाय फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करता येत नाही आणि तिला ते नीट माहीत होतं. गप्पाच मारायला जायची. पण आजींचं बोलणं म्हणजे पक्कं श्वाबियन, इथल्या बोलीच्या वळणाचं. जूनमध्ये भाषेच्या वर्गात शिक्षिकेने तिला विचारलं, तुमचे उच्चार कुठून आले?

काय कमी उपयोगी पडलं

आमच्या मराठी मंडळींच्या शनिवारच्या भेटी. हे लिहिताना मला जड जातं, कारण मी स्वतः त्या भेटी भरवणाऱ्यांपैकी आहे. पहिल्या दोन महिन्यांत त्यांचा आधार मोठा होता. गव्हाचं पीठ कुठल्या तुर्की दुकानात मिळतं इथपासून ताप आल्यावर रात्री ११६११७ ला फोन करायचा इथपर्यंत सगळं तिथेच कळतं. पण पुढे तिथलं बोलणं घर किती चौरस मीटर, कोण किती कमावतो, कुणाचं कायमचं निवासपत्र झालं यावर येऊन थांबतं. ती प्रत्येक वेळी घरी गेल्यावर आपलं इतरांशी मापून बघायची. मेपासून तिने दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा यायचं ठरवलं. ते तिच्यासाठी योग्य होतं. सप्टेंबरात गणपतीला मात्र तिने मुलांच्या नाचाची सगळी जबाबदारी घेतली, पुण्याहून परत आल्या आल्या.

भाषा, मग व्यवसाय

जूनपासून ती नव्याने आलेल्यांसाठीच्या सरकारी एकात्मता अभ्यासक्रमाला जाऊ लागली. भाषेचे ६०० तास आणि देशाच्या माहितीचे १००. वर्ग सकाळचा, बालवाडीच्या वेळेशी जुळणारा निवडला. हे जुळवणं महत्त्वाचं. संध्याकाळच्या वर्गाला नवरा घरी येण्यावर अवलंबून राहावं लागतं आणि दोन महिन्यांत वर्ग सुटतो, असं मी अनेकदा पाहिलंय. दुपारी एखाद तास ती मायलँडर प्लाट्झच्या पांढऱ्या चौकोनी शहर ग्रंथालयात बसायची. २०२५ च्या वसंतात ती बी-वन पास झाली. (भाषेच्या पातळ्या खालून वर ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढतात.)

फिजिओथेरपी हा जर्मनीत नियंत्रित व्यवसाय आहे. परदेशी पदवीला मान्यता मिळवावी लागते. तिला स्टुटगार्टच्या प्रादेशिक प्रशासनाकडे अर्ज करायचा होता, आणि भाषा बी-टू पर्यंत हवी. अर्जाला पदवी, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र आणि विषयवार तासांसकट अभ्यासक्रम लागतो, तोही शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मनमध्ये करून. तास लिहिलेला अभ्यासक्रम हा खरा घाट. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर तास नसतात. कॉलेजमधून तो कागद शिक्क्यासकट मिळवायला तिच्या दिराने चार महिने खेटे घातले. जो कुणी आरोग्य क्षेत्रातलं येणार असेल त्याने हा कागद निघायच्या आधी स्वतः कॉलेजात उभं राहून घ्यावा.

मधल्या काळात २०२५ च्या सुरुवातीला तिने एका फिजिओथेरपी केंद्राच्या स्वागतकक्षात मिनीजॉब धरला. महिन्याला ५५६ युरोंच्या तेव्हाच्या मर्यादेत, आठवड्याचे दहाएक तास. या मर्यादेत राहिलं की नवऱ्याच्या विम्यातलं मोफत कुटुंब-संरक्षण जात नाही. फोन उचलणं, वेळ देणं, डॉक्टरांची चिठ्ठी तपासणं, एवढंच काम. नवऱ्याला आधी ते खटकलं. पाच वर्षं क्लिनिक चालवलेली बाई फोन उचलायला? ती म्हणाली, मला त्या खोलीतल्या भाषेत राहायचंय. मला वाटतं ती अगदी बरोबर होती. अवयवांची नावं, दुखण्याची वर्णनं, विम्याचे नियम हे कुठल्या वर्गात इतक्या लवकर कानावर पडत नाहीत.

अर्ज त्या उन्हाळ्यात पूर्ण कागदांसह गेला. तिच्या अभ्यासक्रमात काही विषयांचे प्रत्यक्ष तास इथल्यापेक्षा कमी आहेत, त्यामुळे थेट मान्यतेऐवजी पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा यांपैकी एक निवडायला सांगतील असा अंदाज आहे. ती प्रशिक्षण घेणार.

आज काय बाकी आहे

मुलगी २०२५ च्या सप्टेंबरात पहिलीत गेली, नव्या मुलांसाठीच्या भाषावर्गात न जाता थेट नेहमीच्या वर्गात. आता घरात सगळ्यात मागे आहे तो नवरा. त्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं, आणि दीड वर्ष बायको-मुलगी शिकत असताना तो ए-टूच्या पुढे सरकला नाही. याची किंमत नेमकी मोजता येते. ब्लू कार्डवाल्याला साधं जर्मन असेल तर २७ महिन्यांनी कायमचं निवासपत्र मिळतं, बी-वन असेल तर २१ महिन्यांनी. ती भाषा ब्लू कार्ड ज्याच्या नावावर आहे त्याची बघतात, बायकोची नाही. ऑक्टोबरात २१ महिने झाले आणि त्याला अर्ज करता आला नाही.

आणि आता त्या निवासपत्राची गरज आहे ती बायकोसाठी. तिचं प्रशिक्षण पूर्णवेळ असेल, म्हणजे मुलीला शाळेतून आणणं, दुपारचं जेवण आणि डॉक्टरची वेळ हे सगळं त्याच्याकडे येणार. पंधराहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी सहा महिने काम झालं की कामाचे तास कमी करून मागायचा हक्क कायद्याने मिळतो. त्याला आठवड्यातला एक दिवस कमी करायचा आहे. पण मग पगार ४८,००० वर येतो, आणि ब्लू कार्डाची २०२५ ची सर्वसाधारण मर्यादा ४८,३०० होती. तीनशे युरो कमी. इंजिनियर आणि आयटीवाल्यांसाठी वेगळी, खालची मर्यादा आहे (२०२५ मध्ये ती ४३,७५९.८० होती), तिच्यात तो बसायला हवा, पण परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी उत्तर आल्याशिवाय कंपनीला काही कळवू नकोस असं मी त्याला सांगितलं आहे. कायमचं निवासपत्र हातात आलं की ही मर्यादा लागूच होत नाही.

बी-वनची परीक्षा त्याने जानेवारीत ठेवली आहे. पास झाला तर एप्रिलपर्यंत थांबावं लागणार नाही. बायको रोज संध्याकाळी त्याच्याकडून तोंडी परीक्षेची तयारी करून घेते आहे, आणि तळमजल्यावरच्या आजींनी मंगळवारी त्यालाही कॉफीला बोलावलं आहे.